पत्नीवियोगानंतरचे रवींद्रनाथ

चाळिशी ओलांडलेल्या पुरुषाची पत्नी निवर्तली म्हणजे त्याच्यापुढे केवळ दुःखाचा प्रश्न उभा राहत नाही. घर चालविण्याचा आणि मुले वाढविण्याचा प्रश्नही त्याच वेळी उभा राहतो. विसाव्या शतकाच्या आरंभी बंगालमधील उच्चवर्णीय समाजापाशी या दुसऱ्या प्रश्नाचे एक ठरीव उत्तर होते. पुरुषाने पुन्हा विवाह करावा. विधवेला मात्र हा मार्ग कायद्याने १८५६ पासून मोकळा असूनही रूढीने बंद होता. या समाजात वाढलेल्या रवींद्रनाथ ठाकूर यांना वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी वैधुर्य आले. ते त्यानंतर आणखी एकोणचाळीस वर्षे जगले. त्यांनी पुन्हा विवाह केला नाही. ही वर्षे त्यांनी कशी उभी केली, त्यात त्यांच्या हाती काय लागले आणि काय निसटले, हे पाहणे उद्बोधक आहे. त्यांचे कवित्व असामान्य असले, तरी त्यांच्यापुढील अडचणी कोणत्याही संसारी माणसाच्याच होत्या.

संसार आणि सहचारिणी

९ डिसेंबर १८८३ रोजी जोडासाँको येथील वाड्यात रवींद्रनाथांचा विवाह झाला. वधूचे नाव भवतारिणी. ती जेमतेम दहा वर्षांची होती. तिचे वडील ठाकूर घराण्याच्या जमीनदारीच्या कचेरीत नोकरीस होते. सासरी तिचे नाव मृणालिनी ठेवण्यात आले. ठाकूर कुटुंबातील स्त्रिया सुविद्य म्हणून प्रसिद्ध होत्या. त्यांच्या तोडीस ही खेड्यातली मुलगी यावी म्हणून तिला काही काळ कलकत्त्यातील लोरेटो शाळेत घालण्यात आले आणि पुढे संस्कृतही शिकविण्यात आले. ‘राजा ओ रानी’ या नाटकाच्या घरगुती प्रयोगात तिने भूमिकाही केली. परंतु तिचा खरा लौकिक होता तो पाककौशल्याचा आणि माणसे जोडण्याचा.

या दांपत्याला पाच अपत्ये झाली. माधुरीलता, रथींद्रनाथ, रेणुका, मीरा आणि शमींद्रनाथ ही त्यांची नावे. जमीनदारीच्या व्यवस्थेसाठी रवींद्रनाथ वारंवार पद्मेकाठी शिलाइदह येथे राहत. तेथून पत्नीला लिहिलेली त्यांची पत्रे पुढे, कवीच्या मृत्यूनंतर, १९४२ साली ‘चिठिपत्र’ या मालेच्या पहिल्या खंडात प्रसिद्ध झाली. त्यांत मुलांच्या दुखण्याखुपण्याची चौकशी आहे, उत्तर न आल्याबद्दलची लटकी तक्रार आहे आणि संसार साधेपणाने करावा हा आग्रहही आहे. मृणालिनीदेवींनी ही पत्रे जपून ठेवली होती. त्यांच्या मृत्यूनंतर ती रवींद्रनाथांच्या हाती आली.

शाळेचे पहिले वर्ष

१९०१ च्या डिसेंबरात, बंगाली पंचांगाप्रमाणे ७ पौष रोजी, रवींद्रनाथांनी शांतिनिकेतन येथे ब्रह्मचर्याश्रम स्थापन केला. ही जागा त्यांचे पिता महर्षी देवेंद्रनाथ यांनी १८६३ साली घेतलेली होती. आरंभी विद्यार्थी मोजके पाचच होते आणि त्यांत त्यांचा स्वतःचा मुलगा रथींद्रनाथ हा एक होता. मुलांकडून फी घ्यावयाची नाही असा संकल्प होता. साहजिकच पैशाची चणचण पहिल्या दिवसापासून होती. रवींद्रनाथांनी पुरी येथील घर विकले. मृणालिनीदेवींनी आपले दागिने एकामागून एक काढून दिले. घर सोडून आलेल्या मुलांना आईची उणीव भासू नये म्हणून त्या स्वतः त्यांच्यासाठी रांधीत. ही शाळा जितकी रवींद्रनाथांची होती, तितकीच ती मृणालिनीदेवींचीही होती. पुढील घटनांचा अर्थ लागण्यासाठी ही गोष्ट ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

शाळेला वर्ष होण्यापूर्वीच, १९०२ च्या पावसाळ्याच्या अखेरीस, मृणालिनीदेवी आजारी पडल्या. त्यांना कलकत्त्यास हलविण्यात आले. रोगाचे नेमके निदान अखेरपर्यंत झाले नाही. तो आंत्रपुच्छाचा विकार असावा असा तर्क रथींद्रनाथांनी पुढे आपल्या आठवणींत केला आहे. रवींद्रनाथांचा होमिओपॅथीवर विश्वास होता. त्यांनी पगारी परिचारिका ठेवली नाही. रात्रंदिवस ते स्वतः रुग्णाच्या उशाशी बसत आणि हातपंख्याने वारा घालीत.

याच दिवसांतील एक कागद विशेष लक्षणीय आहे. १३ नोव्हेंबर १९०२ या तारखेचे ते एक दीर्घ पत्र असून ते आश्रमाच्या व्यवस्थेसाठी नेमलेल्या कुंजलाल घोष यांना लिहिलेले आहे. आश्रमाचा हेतू काय, अध्यापकांनी कसे वागावे, विद्यार्थ्यांची दिनचर्या कशी असावी, याचा तपशीलवार विचार त्यात आहे. ते शाळेचे पहिले विधानच मानले जाते. त्यानंतर दहाच दिवसांनी, २३ नोव्हेंबर रोजी, मृणालिनीदेवींचे निधन झाले. त्यांचे वय तिशीच्या आतच होते. मरणोन्मुख पत्नीच्या शेजारी बसून एखादा माणूस शाळेचे नियम लिहितो, ही गोष्ट प्रथमदर्शनी कठोर वाटेल. परंतु ज्या कामात दोघांचा सारखाच जीव गुंतला होता, ते काम पुढे चालावे याची तजवीज करणे हाही शुश्रूषेचाच एक भाग मानता येईल.

त्या रात्री रवींद्रनाथ वाड्याच्या गच्चीवर एकटेच येरझारा घालीत राहिले. कोणी वर येऊ नये असे त्यांनी बजावले होते. दुसऱ्या दिवशी लोक समाचाराला आले तेव्हा ते शांत होते. सर्वजण गेल्यावर त्यांनी रथींद्रनाथांना जवळ बोलावले, आईच्या नेहमीच्या वापरातील सपाता त्यांच्या हाती दिल्या आणि त्या जपून ठेवण्यास सांगितले. मुलगा तेव्हा चौदा वर्षांचाही झाला नव्हता.

शोकाला दिलेले रूप

पुढील काही आठवड्यांत रवींद्रनाथांनी ज्या कविता लिहिल्या त्या ‘स्मरण’ या नावाने ओळखल्या जातात. त्यांची संख्या सत्तावीस आहे. त्यांत विलापाचा आक्रोश जवळजवळ नाही. आरंभीच्या कवितांत घरातील रिकामे कोपरे आहेत, हाती आलेली जुनी पत्रे आहेत, सांगावयाचे राहून गेलेले शब्द आहेत. पुढे पुढे दृष्टी घराबाहेर वळते. घरात जे हरवले ते घरात सापडणार नाही, ते शोधावयाचे तर अधिक विस्तीर्ण जागी शोधले पाहिजे, असा या कवितांचा कल आहे. यांपैकी एक कविता त्यांनी इंग्रजी ‘गीतांजली’त घेतली. हा इंग्रजी संग्रह १९१२ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. जगभरच्या वाचकांनी ती भक्तिकाव्य म्हणून वाचली. ती एका विधुराने पत्नीच्या मृत्यूनंतर लगेच लिहिली होती, याची फारच थोड्यांना कल्पना होती.

या कवितांनंतर रवींद्रनाथांनी पत्नीविषयी जाहीररीत्या फारसे लिहिले नाही. १९१२ साली पुस्तकरूपाने आलेल्या ‘जीवनस्मृती’त मृत्यूवर स्वतंत्र विवेचन आहे; परंतु ते मुख्यतः तरुणपणी झालेल्या वहिनी कादंबरीदेवींच्या मृत्यूला धरून आहे. संसाराच्या आठवणी तेथे नाहीत. शोकाला त्यांनी एक रूप दिले आणि ते पुरे होताच ते कामाकडे वळले. ‘बंगदर्शन’ मासिकाच्या नव्या मालेचे संपादन त्यांच्याकडेच होते. १९०३ च्या वैशाखापासून त्या मासिकात ‘नौका डुबी’ ही कादंबरी क्रमशः येऊ लागली.

आईविना घर

सर्वांत निकडीचा प्रश्न मुलांचा होता. थोरली माधुरीलता सासरी होती. मीरा आठ वर्षांची होती आणि शमीला सहावे वर्ष पुरे व्हावयाचे होते. मृणालिनीदेवींच्या नात्यातील एक वयस्क स्त्री शांतिनिकेतनात येऊन राहिली आणि तिने घर सांभाळले. पुनर्विवाह न करणाऱ्या विधुराचे घर बहुधा अशा एखाद्या आत्या-मावशीच्या श्रमांवरच उभे असते. चरित्रग्रंथांत तिला एखाद-दुसऱ्या ओळीपलीकडे जागा मिळत नाही.

दुसरी कन्या रेणुका हिचा विवाह १९०१ साली, वयाच्या अकराव्या वर्षी झाला होता. बालविवाहाविरुद्ध लिहिणाऱ्या रवींद्रनाथांनी स्वतःच्या मुलींचे विवाह मात्र लहान वयातच उरकले, ही विसंगती त्यांच्या चरित्रकारांनी नोंदविली आहे. आईच्या मृत्यूच्या सुमारास रेणुकाला क्षयाने घेरले. हवापालटासाठी तिला प्रथम हजारीबाग येथे आणि नंतर, १९०३ च्या उन्हाळ्यात, अलमोडा येथे नेण्यात आले. मीरा आणि शमी यांना दूर ठेवावे लागले. आजारी मुलीच्या शुश्रूषेत असताना रवींद्रनाथांनी तेथे बालकांविषयीच्या कविता लिहिल्या आणि त्या आपल्या काव्यग्रंथाचे संपादक मोहितचंद्र सेन यांच्याकडे धाडल्या. ‘शिशु’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या याच त्या कविता होत. त्यांत आई आणि लहान मूल यांचे संवाद आहेत, रुसवेफुगवे आहेत, होडीचे आणि राजपुत्राचे खेळ आहेत. त्या वाचताना त्या घरात तेव्हा आई नव्हती याची शंकाही येत नाही. पोरक्या झालेल्या मुलांसाठी बापाने शब्दांतून आईचे घर उभे केले, एवढेच त्याविषयी म्हणता येईल. डोंगरावरील हवेने रेणुकाला उतार पडला नाही. तिला परत कलकत्त्यास आणावे लागले आणि सप्टेंबर १९०३ मध्ये तिचा अंत झाला.

आघातांची माळ

यानंतर आघातांची माळच लागली. १९०४ च्या आरंभी शाळेतील तरुण अध्यापक आणि कवी सतीशचंद्र राय देवीच्या रोगाने वारले. साथीच्या भयाने शाळा काही काळ शिलाइदहला हलवावी लागली. जानेवारी १९०५ मध्ये देवेंद्रनाथ निवर्तले. त्याच वर्षी बंगालची फाळणी झाली. रवींद्रनाथ स्वदेशी चळवळीत उतरले. त्यांनी गीते रचली, राखीबंधनाच्या मिरवणुकीत ते अग्रभागी चालले. परंतु चळवळीला जे वळण लागत होते ते त्यांना रुचेना, आणि ते शाळेकडे परतले. १९०६ साली रथींद्रनाथांना शेतीशास्त्राच्या शिक्षणासाठी अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात पाठविण्यात आले. १९०७ मध्ये मीरेचा विवाह झाला. हा विवाह सुखाचा झाला नाही आणि त्याचा दोष रवींद्रनाथांनी पुढे स्वतःकडेच घेतला. घरात उरला तो एकटा शमी.

शमी शाळेतच शिकत होता. १९०७ च्या आरंभी त्याने वसंतपंचमीच्या दिवशी मित्रांना जमवून एक छोटासा ऋतुउत्सव साजरा केला. शांतिनिकेतनातील पुढच्या वसंतोत्सवाचे मूळ येथे सापडते. त्याच वर्षी पूजेच्या सुटीत तो एका मित्राबरोबर मुंगेर येथे गेला असता त्याला पटकी झाली. रवींद्रनाथ तातडीने तेथे पोहोचले. परंतु मुलगा वाचला नाही. त्याला अकरा वर्षे पुरी झाली नव्हती. बंगाली पंचांगाप्रमाणे तो दिवस ७ अग्रहायण होता. पाच वर्षांपूर्वी याच तिथीस त्याची आई गेली होती.

या मृत्यूनंतरच्या प्रवासाची आठवण रवींद्रनाथांनी पंचवीस वर्षांनी सांगितली. १९३२ साली मीरेचा तरुण मुलगा नीतींद्रनाथ जर्मनीत वारला, तेव्हा तिला लिहिलेल्या पत्रात ती आली आहे. शमी गेल्यानंतर आगगाडीतून येताना त्यांनी पाहिले तेव्हा आकाश चांदण्याने भरून गेले होते आणि कोठे काही उणे झाल्याचे चिन्ह नव्हते. सर्व काही आहे आणि त्या सर्वांत आपणही आहो, कामे पुढे चालावयाची आहेत, असे त्यांना वाटले. हे समाधान स्वस्तात मिळालेले नव्हते. कन्येला ते पत्र लिहिणाऱ्या पित्याने तोवर पत्नी आणि तीन अपत्ये गमावली होती.

नव्या जीवनाची उभारणी

शमीच्या मृत्यूनंतर दोन-अडीच महिन्यांतच, १९०८ च्या फेब्रुवारीत, रवींद्रनाथांनी पाबना येथील प्रांतिक परिषदेचे अध्यक्षपद भूषविले. त्यांचे अध्यक्षीय भाषण बंगालीत होते आणि त्याचा मुख्य रोख ग्रामसंघटनेवर होता. ‘गोरा’ ही कादंबरी ‘प्रवासी’ मासिकात १९०७ पासून क्रमशः येत होती; ती १९१० मध्ये पूर्ण झाली. शाळेतील मुलांनी करावे म्हणून त्यांनी १९०८ साली ‘शारदोत्सव’ हे नाटक लिहिले. शमीने ज्या ऋतुउत्सवाला हात घातला होता, तो अशा रीतीने पित्याने शाळेच्या जीवनात कायमचा रुजविला.

या काळातील सर्वांत अर्थपूर्ण घटना मात्र घरातच घडली. रथींद्रनाथ १९०९ साली परदेशातून परतले आणि जानेवारी १९१० मध्ये त्यांचा विवाह प्रतिमादेवींशी झाला. प्रतिमादेवी बालविधवा होत्या. ठाकूर घराण्यातील हा पहिला विधवाविवाह होय. या घटनेचे महत्त्व कळण्यासाठी दहा वर्षे मागे जावे लागेल. रवींद्रनाथांचे पुतणे बलेंद्रनाथ १८९९ साली अकाली वारले. त्यांच्या तरुण विधवेचा पुनर्विवाह तिच्या माहेरची माणसे अलाहाबाद येथे करू पाहत होती. तेव्हा देवेंद्रनाथांच्या आज्ञेवरून तिला परत आणण्यासाठी रवींद्रनाथच गेले होते. तोच मनुष्य १९१० साली आपल्या एकुलत्या उरलेल्या मुलासाठी विधवा वधू पसंत करतो. दरम्यान पित्याचा धाक संपला होता, हे एक कारण असेल. परंतु स्वतः वैधव्याच्या बाजूचे एकाकीपण अनुभवल्यावर, जे पुरुषाला सहज उपलब्ध ते स्त्रीला का असू नये, हा प्रश्न टाळणे त्यांना कठीण झाले असावे. नव्या सुनेने शांतिनिकेतनात घर मांडले आणि रवींद्रनाथांना उतारवयात पुन्हा घर लाभले.

शेतकऱ्यांना अल्प व्याजाने कर्ज मिळावे म्हणून त्यांनी १९०५ साली पतिसर येथे कृषी बँक काढली होती. १९१३ चे नोबेल पारितोषिक मिळाल्यावर त्या रकमेपैकी एक लाखाहून अधिक रुपये त्यांनी या बँकेत ठेवले आणि त्याचे व्याज शाळेसाठी लावून दिले. ज्या शाळेसाठी पत्नीने दागिने विकले होते, तिच्याकडे ही कमाई अशी वळली.

उभारणीच्या मर्यादा

येथे कथा संपविली तर ती सोयीची होईल, परंतु खरी होणार नाही. नोबेल पारितोषिकानंतरच्याच वर्षी, १९१४ मध्ये, रवींद्रनाथांना तीव्र विषण्णतेने ग्रासले. मृत्यूची इच्छा रात्रंदिवस आपला पाठलाग करीत आहे, आपल्या हातून काहीच झाले नाही असे वाटते, अशा आशयाचे पत्र त्यांनी रथींद्रनाथांना लिहिले. बारा वर्षांच्या कामानंतर आणि जगन्मान्यतेनंतरही हे झाले. मे १९१८ मध्ये माधुरीलता क्षयाने गेली. जावयाशी बेबनाव असल्यामुळे तो घरी नसताना ते दुपारी मुलीजवळ जाऊन बसत.

शोक हा एकदा फेडून मोकळे होण्याचे ऋण नव्हे, हे यावरून दिसून येते. काम हे त्यावरचे औषधही नव्हे. कामामुळे विषण्णता टळली नाही. मग कामाने काय साधले? माणूस आजारातून किंवा काळोखातून परतला म्हणजे त्याला जेथे जावयाचे अशी एक जागा राखून ठेवली. सकाळची प्रार्थना, मुलांचे वर्ग, मासिकाचा मजकूर आणि कर्जाचे हप्ते कोणाच्याही दुःखासाठी थांबत नव्हते. आणि शाळेतील मुले रोज समोर येत होती. त्यांना गतकाळाचे काही देणे नव्हते.

रवींद्रनाथांनी आपले घर पूर्ववत करण्याचा यत्न केला नाही. एका कुटुंबाची उरलीसुरली माया त्यांनी अनेकांच्या मुलांकडे वळविली. यात त्यांच्या स्वतःच्या मुलींच्या वाट्याला पुरेसे आले काय, हा प्रश्न उरतोच, आणि मीरेला लिहिलेल्या पत्रांतून तो त्यांनाही सलत होता असे दिसते. २३ डिसेंबर १९२१ रोजी शांतिनिकेतनात विश्वभारतीची विधिवत स्थापना झाली. पाच विद्यार्थ्यांच्या त्या शाळेला तेव्हा वीस वर्षे पूर्ण झाली होती. तिच्या पहिल्या वर्षी मुलांना हाताने करून वाढणारी गृहिणी त्यांपैकी एकोणीस वर्षे हयात नव्हती. पंगत मात्र मोडली नव्हती.